ताईला तुमची खबर मंडळीत कळते

या वेळचं पत्र परदेशात सेवा करणाऱ्या एका आईचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

«सहा वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको दोन मुलांना घेऊन मिशनरी म्हणून देशाबाहेर आलो. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, मुलगा सात वर्षांचा. कामाची खबर आणि प्रार्थनेचे विषय कळवणारं प्रार्थनापत्र मी आमच्या मंडळीला, म्हणजे घरच्या चर्चला, दर महिन्याला न चुकता पाठवते. दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल करतो. तरी परवा ताई म्हणाली, ‘तुझी खबर आम्हाला मंडळीत सूचनांच्या वेळी कळते.’ बाबा न्हाणीघरात पडले आणि त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. ते आम्हाला अकरा दिवसांनी कळलं. आई म्हणाली, ‘तुमच्या सेवेत व्यत्यय नको म्हणून नाही सांगितलं.’ मुलगा कॉलवर दोन मिनिटं टिकत नाही, मुलगी ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच बोलते. मग आई रडते. इथल्या एका ज्येष्ठ सेवकांजवळ मन मोकळं केलं, तर ते म्हणाले, नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये. माझा विश्वास कमी पडतो आहे का? आणि एवढं सगळं करूनही घर लांब का जातंय?»

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताईच्या वाक्यापाशी थांबले. ते लागलं तुम्हाला, लागणारच. पण ज्याला काही वाटेनासं होतं तो माणूस तक्रारही करत नाही. तुमच्या ताईला अजून तुमची खबर हवी आहे, आणि ती इतरांच्या आधी हवी आहे.

प्रार्थनापत्र कसं लिहिलं जातं ते आठवा. चांगल्या बातमीने सुरुवात, मग दोन अडचणी, मग प्रार्थनेचे विषय, शेवटी आभार. ते शेकडो लोक वाचणार असतात, त्यांत तुमच्या कामासाठी पैसे देणारेही असतात, म्हणून प्रत्येक वाक्य आपण तोलून घालतो. त्यात काही गैर नाही, ते पत्र तसंच हवं. पण नवऱ्याशी झालेलं भांडण त्यात येत नाही. नवी भाषा बोलताना भलताच शब्द तोंडून गेला आणि अख्खा बाजार हसला, हे येत नाही. दुपारी अकारण रडू आलं, हे तर नाहीच नाही. ताईला नेमकं तेच हवं होतं. तिच्या हातात पडलं ते सगळ्यांना गेलेलं पत्र, आणि तिला कळलं की आपणही आता ‘सगळ्यां’तच मोडतो.

मी स्वतः चौदा वर्षं अशी पत्रं लिहिली आहेत. तिसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. घरी कळवलं नाही, उगाच काळजी करतील म्हणून. बरी झाल्यावर प्रार्थनापत्रात मात्र लिहिलं की प्रभूने आजारातून उठवलं. माझ्या आईने ते मंडळीत, शेजारी बसलेल्या बाईच्या तोंडून ऐकलं. ‘तुमची मुलगी एवढी आजारी होती, बोलला नाहीत!’ त्यानंतर तीन महिने आई माझ्याशी धड बोलली नाही, आणि मला तेव्हा तिचाच राग आला होता. माझी चूक कळायला फार वर्षं लागली. तुम्हाला तितकी लागू नयेत म्हणून हे सांगते आहे.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. बातमी आधी घरी, मग मंडळीला. मध्ये एक दिवसाचं अंतर असलं तरी पुरतं.

आता बाबांच्या पडण्याबद्दल. अकरा दिवस लपवलं याचं तुम्हाला दुःख झालं आहे. पण लपवायला त्यांना कोणी शिकवलं याचा शांतपणे विचार करा. तुम्हीही सहा वर्षं त्यांना फक्त निवडक सांगत आला असाल. रविवारच्या कॉलवर दोन्हीकडची माणसं चांगले कपडे घालून, ‘आमचं छान चाललंय’ म्हणत बसतात. एका बाजूने असं सुरू झालं की दुसरीही तशीच वागते. त्यात ‘सेवा’ हा शब्द आला की घरच्यांच्या तोंडाला कुलूपच लागतं. देवाच्या कामाच्या मध्ये आपलं मोडलेलं मनगट कसं आणायचं, असं त्यांना वाटतं.

म्हणून एक करार करा, आणि तो बोलून करा, मनातल्या मनात नको. वाईट बातमी त्याच दिवशी कळवायची, दोन्हीकडून. कळवताना तीन गोष्टी सांगायच्या: काय झालं, आत्ता सोबत कोण आहे, पुढची खबर कधी मिळेल. यायचं की नाही, हे ज्याला यायचं आहे तो ठरवेल, सांगणाऱ्याने ते ओझं घ्यायचं नाही. करार पटावा म्हणून सुरुवात तुम्ही करा. येत्या आठवड्यात तुमची एखादी खरी अडचण, ज्यावर त्यांच्याजवळ काही उपाय नाही अशी, आईला सांगून टाका. ती घाबरेल. घाबरू दे. तिला कळेल की तुम्ही तिच्यापासून काही झाकत नाही, मग तीही झाकणार नाही.

नांगराच्या वचनाबद्दल. ज्येष्ठांचा अनादर न करता सांगते, ते वचन तुम्हाला लागू पडत नाही. बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानात ते ज्याला उद्देशून आलं आहे, त्या माणसाला आधी घरच्यांचा निरोप घ्यायचा होता, हे मला माहीत आहे. पण त्याचं पाऊलच अजून उचललेलं नव्हतं. तुम्ही सहा वर्षं नांगर धरून आहात, तास सरळ चाललं आहे, आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी तुम्हाला दिसतं आहे. याला मागे पाहणं म्हणत नाहीत. ज्याने ते वचन उच्चारलं त्या येशूनेच वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण झालेलं असताना, आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं. योहानाने ते लिहून ठेवलं आहे. जगाच्या तारणाचं काम चालू होतं आणि त्यातच आई कुठे राहील याची व्यवस्थाही झाली. घरची ओढ हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर हा प्रसंग शुभवर्तमानात आला नसता.

आधीच्या पिढ्यांनी ही ओढ गिळली आणि तिची किंमत बहुधा बायकामुलांनी मोजली, हेही सांगितलं पाहिजे. मिशनरी विल्यम केरी १७९३ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये बंगालला पोहोचले. त्यांच्या पत्नी डोरथी यांची आधी यायची तयारी नव्हती, ऐन निघताना त्या तयार झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. डोरथी यांचं मन त्यातून सावरलं नाही. १८०७ मध्ये त्या वारल्या, मधली बारा-तेरा वर्षं त्या मानसिक आजारात होत्या. केरी १८३४ मध्ये वारले, एकदाही मायदेशी न जाता. त्यांचं बायबलच्या भाषांतराचं काम मी मोठंच मानते. पण डोरथी यांचा विचार केल्याशिवाय मला ते नाव घेता येत नाही. आफ्रिकेतले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८५२ मध्ये केपटाऊनहून पत्नी मेरी आणि चार मुलांना ब्रिटनला पाठवलं आणि स्वतः आफ्रिकेच्या अंतर्भागात गेले. १८५६ च्या अखेरीस ते परतले, तोवर मेरी यांनी पैशांच्या ओढाताणीत आणि एकटेपणात दिवस काढले होते. पुढे लिव्हिंगस्टन यांनीच कबूल केलं की मुलं जवळ होती तेव्हा मी त्यांच्याशी खेळलो नाही, याची मला खंत आहे. संध्याकाळपर्यंत अंगात खेळण्याचं त्राणच उरत नसे, आणि पाहता पाहता ती मोठी झाली. हे वाचलं की मला माझ्या कितीतरी संध्याकाळी आठवतात.

त्या लोकांच्या हातात पत्राची वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. तुमच्या हातात फोन आहे. तरी घर लांब जातंय, कारण फोनवर तुम्ही फक्त बातमी देता. माझ्या अनुभवात माणसं जवळ राहतात ती एकमेकांची गरज लागल्यामुळे. बायबलमधलं, प्रेषित पौलाचं आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र शेवटपर्यंत वाचा. तुरुंगात बसलेला, मरण समोर दिसणारा माणूस काय मागतो? त्रोवस गावात कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. एवढ्या मोठ्या प्रेषिताला थंडी वाजत होती आणि त्याने ती लपवली नाही. तीमथ्याला त्या झग्याने किती जवळ आणलं असेल!

तुम्ही घरी शेवटचं काय मागितलं होतं? प्रार्थना आणि देणग्या सोडून. बहुधा आठवणार नाही. आम्ही सेवेतली माणसं देण्याची इतकी सवय लावून घेतो की आपल्या माणसांनाही देऊ देत नाही. मग आई रिकाम्या हातांनी पडद्यासमोर बसते आणि रडते. तिला काम द्या. तुमच्या लेकीचा फ्रॉक उसवला असेल तर टाका कसा घालायचा ते आजीने फोनवर दाखवावं. एखादा निर्णय घेताना बाबांचं मत आधी घ्या, ठरवून झाल्यावर कळवू नका. तुमच्याकडे सगळ्याची उत्तरं असली तरी विचारा.

मुलांकडे वळते, तिथे तुमची काळजी जास्त खरी आहे. रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्या मुलांसाठी त्यांनी ‘थर्ड कल्चर किड्स’ असा शब्द वापरला. आईबापांची संस्कृती एक, भोवतालची दुसरी, आणि ही मुलं या दोहोंमधल्या तिसऱ्याच जागेत वाढतात. तुमचा मुलगा एक वर्षाचा असताना तिथे आला. त्याच्या लेखी तो परदेशात नाहीच. तो त्याच्या घरी आहे. तुमच्या आठवणींचं घर त्याच्या वाट्याला कधी आलंच नाही, त्यामुळे आजी म्हणजे दर रविवारी काचेत दिसणारा एक चेहरा, आणि ती दिसली की आई मागून ढकलते: बोल ना, नमस्कार म्हण, कविता म्हणून दाखव. सात वर्षांचं कोणतंही मूल पळेल. त्याला अजिबात रागवू नका, आणि आईलाही सांगा की हा नातवाचा नकार नव्हे.

व्हिडिओ कॉलवर मुलांना परीक्षेसारखं बसवणं आजपासून बंद करा. फोन टेबलावर टेकवून ठेवा आणि आपापली कामं करा. तुम्ही भाजी निवडा, तिकडे आई निवडेल. मधूनच कोणी काहीतरी म्हणेल, मधे पाच मिनिटं कोणी काही बोलणार नाही. पोरगा येताजाता आजीकडे बघेल, कधी तरी थांबून आपली जखम दाखवेल. घरात माणसं अशीच भेटतात.

आणि बाबांचं ते मनगट. उजवा हात प्लास्टरमध्ये असेल, तर ते सध्या डाव्या हाताने लिहीत असतील, आणि अक्षर वेडंवाकडं येत असेल. तुमचा मुलगाही सात वर्षांचा आहे, आपली लिपी त्याला अजून नीट येत नसणार. दोघांना रोज एक ओळ लिहायला लावा आणि एकमेकांना फोटो पाठवू द्या. कोणाचं अक्षर आधी सुधारतं बघू. नातवाला पहिल्यांदाच असा आजोबा मिळेल ज्याला त्याच्यासारखंच काही जमत नाही. प्लास्टर निघेपर्यंत सवय लागून जाईल, आणि लिपी फुकटात येईल.

भाषेबाबत मी हट्टी आहे. घराच्या उंबऱ्याच्या आत आपली भाषा, बाहेर तिथली. मुलं तिथल्या भाषेत उत्तर देतील, तरी तुम्ही आपल्याच भाषेत बोलत राहा, सुधारत बसू नका. लहान वयात वापर थांबला की मातृभाषा भराभर विसरते, आणि ती गेली तर आजी-आजोबांशी पुढे कितीही वेळ मिळाला तरी बोलणार कशात?

मुलीचं वेगळं आहे. अकराव्या वर्षी ‘हं’ आणि ‘बरं’ हे घरातल्या घरातही ऐकू येतं. ती आली तेव्हा पाच वर्षांची होती. तिला सोडलेलं घर आठवतं, मैत्रिणी आठवतात, आणि त्या सगळ्याबद्दल तिला कोणी विचारलेलं नसेल, कारण आईबाप देवाच्या कामासाठी आलेत. त्यावर रुसायचं तरी कोणावर? देवावर? मिशनऱ्यांच्या पुष्कळ मुलांच्या मनात हा प्रश्न तसाच राहून जातो. तिला ताईशी थेट बोलू द्या. आवाजातले निरोप पाठवू द्या, तुम्ही खोलीत नसताना, आणि काय बोललीस हे विचारू नका. मावशीला काही कळलं आणि तिला गंभीर वाटलं तर ती तुम्हाला सांगेल, एवढा भरवसा ताईवर टाका. ताईला सूचनांच्या वेळी कळणाऱ्या खबरीवर याहून चांगलं औषध मला सुचत नाही.

आवाजाचे निरोप तुम्हा मोठ्यांनाही सोयीचे. वेळेतला फरक असला की एकाची झोप मोडल्याशिवाय कॉल होत नाही, आणि काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात, मग महिनाभर गोंधळ चालतो. कॉलची वेळ घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या घड्याळाने ठरवा आणि ती हलवू नका. तुमचं घड्याळ सरकू दे. बाकीच्या दिवशी निरोप पुरे.

तुम्ही आहात त्या देशात सेवेची माहिती उघड करणं धोक्याचं असेल तर घरच्यांना ते एकदा नीट समजावून सांगा. संदेश वाटेत कोणी वाचू शकणार नाही अशी सोय ॲपमध्ये असते, पण काका तो फोटो पुढच्या गटात टाकतात तिथे ती सोय संपते. तुमच्या मुलाचा फोटो चालेल, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा नाही, असं सरळ सांगा.

जे कोणी बोलत नाही त्याबद्दल थोडं. बाबा पडले, उद्या याहून मोठं काही होईल. त्या रात्री विचार करता येत नाही, म्हणून आत्ताच करा. दोघांपैकी कोण जाईल की सगळे, तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेत का, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे का. काही देशांत परवान्याशिवाय बाहेर पडलं तर राहण्याचा हक्कच जातो, तिथे पुन्हा प्रवेशाची परवानगी आधीपासून हाताशी हवी. बँक आणि मालमत्तेच्या कामांसाठी ताईच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. ते परदेशात केलं तर आपल्या दूतावासातून साक्षांकित करून घ्यावं लागतं, किंवा दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर अपोस्टिल, म्हणजे त्या करारानुसारचं अधिकृत प्रमाणन, चालतं. हे करताना ताईला नुसता कागद पाठवू नका. आईबाबांचं रोजचं सगळं तिच्यावर पडलं आहे, हे शब्दांत मान्य करा. तिच्या रागाचा अर्धा भाग तिथे असावा असा माझा अंदाज आहे.

अमेरिकन संशोधक पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाला नाव दिलं आहे, ‘ॲम्बिग्युअस लॉस’, म्हणजे धड पूर्ण न झालेला वियोग. माणूस आहे, पण जवळ नाही. त्याचं सुतक पाळता येत नाही आणि त्याची वाट पाहणंही थांबवता येत नाही. तुमच्या आईचं रविवारचं रडणं मला त्यातलं वाटतं. तिला समजावू नका. ‘मलाही तुझी आठवण येते’ एवढं म्हणून तिच्याबरोबर गप्प बसा.

पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा पहिले पंधरा दिवस एकाही मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे सेवेतले अनुभव सांगायला, जाऊ नका. पाठवणारी मंडळी थोडी नाराज होईल, पण आधीच कळवलंत तर समजून घेईल. आमच्या एका सुट्टीत आम्ही दहा आठवड्यांत इतक्या व्यासपीठांवर उभे राहिलो की निघायच्या आदल्या रात्री आईने विचारलं, ‘तू माझ्याकडे कधी येणार आहेस?’ मी तिच्याच घरात होते. मुलांना तिथल्या पोशाखात मंचावर उभं करून त्या भाषेतलं गाणं म्हणायला लावणंही टाळा, त्यांनी स्वतःहून म्हटलं तर गोष्ट वेगळी. आणि परत निघताना डेव्हिड पोलॉक यांनी अशा कुटुंबांसाठी सांगितलेल्या चार गोष्टी करून निघा: भांडण मिटवायचं, आभार मानायचे, निरोप नीट घ्यायचा, पुढच्या जागेचा विचार करायचा. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘राफ्ट’ (RAFT) असा शब्द तयार होतो, त्याचा अर्थ तराफा. बहुतेक लोक चौथीपासून सुरू करतात आणि पहिली राहूनच जाते.

तुम्हाला मात्र पहिलीसाठी सुट्टीपर्यंत थांबायचं कारण नाही. आज रात्री मुलं झोपली की ताईला निरोप पाठवा, आवाजातला, लिहिलेला नको. प्रार्थनापत्रात कधीही येणार नाही असं आजच्या दिवसातलं काहीतरी तिला सांगा. सफाई देऊ नका. बाबा पडले त्या रात्री दवाखान्यात त्यांच्याजवळ कोण बसलं होतं, ते तिला विचारा, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता सगळं ऐका.